उणे अठ्ठेचाळीस

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलले होते तसंच, थोडं नीटनेटकं करून लिहून दिलं आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा विषय त्यांनी ठरवूनच ठेवला होता. "तू कंपनीत आहेस, एआयवर बोल. आमच्या पोरांच्या नोकऱ्या राहणार की जाणार तेवढं सांग." मी म्हटलं, ते मलाच कळलं तर मी आज रात्री निवांत झोपेन. बावीस वर्षं हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहिते आहे, त्याबद्दल बोलायला मला रोजच सांगतात. इथे मला दुसऱ्याच एका गोष्टीबद्दल बोलायचंय. गेल्या वर्षी मी एक कथा लिहिली. अद्भुतकथा. आपल्या पोरांच्या भाषेत फँटसी. ती एका छोट्या दिवाळी अंकात छापून आली, तुमच्यापैकी काहींनी वाचली, आणि तेव्हापासून माझ्या फोनला विश्रांती नाही. तर ती कशी लिहिली गेली, कुठे अडली, आणि लिहिताना मजा कसली आली, ते सांगते.

अद्भुतकथा म्हटलं की लोक मला विचारतात, "तुला हे कुठून सुचलं? तू तर गणितवाली." मित्रांनो, आपण सगळ्यांनी अद्भुतकथा लिहिलेली आहे, तीही मार्कांसाठी. आठवा मराठीचा दुसरा पेपर... नाही, पेपर एकच होता, पण निबंधाचे प्रकार तीन. वर्णनात्मक, आत्मवृत्त आणि कल्पनाप्रधान. 'सूर्य उगवलाच नाही तर', 'आरसे नसते तर', 'शाळेची घंटा बोलू लागली तर'. वर्गातल्या निम्म्या पोरांचा शेवट ठरलेला असायचा. आईची हाक यायची, "अगं ऊठ, शाळेला उशीर होतोय," आणि आम्ही खाडकन जागे व्हायचो. गाईडमध्ये तसंच होतं. बाई त्यावर लाल शेरा मारत नसत, पण मार्क सातच्या वर कधी जात नसत. तेव्हा वाटायचं बाई कंजूष आहेत. आता कळतं की बाईंना हिशेब कळला होता. 'ते स्वप्न होतं' म्हटलं की आधीचं सगळं फुकट झालं. सूर्य उगवला नाही म्हणून कोणाचं काहीच बिघडलं नाही. अद्भुतकथेत पहिली अट हीच असते, की कोणी जागं व्हायचं नाही. जे घडलं ते घडलं.

आणि इथे पेपर तपासणारे इतके जण बसलेत म्हणून एक गोष्ट मध्येच सांगते. ऑक्सफर्डचे प्राध्यापक टोल्किन वरकमाईसाठी शाळेच्या परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. एका मुलाने उत्तरपत्रिकेतलं एक पान कोरं सोडलं होतं. कंटाळलेल्या टोल्किननी त्या पानावर एका वेगळ्याच प्राण्याबद्दल एक वाक्य लिहून ठेवलं. हा प्राणी कोण, हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं. त्या वाक्यातून पुढे 'द हॉबिट' झालं, १९३७ साली छापलं गेलं. तेव्हा सर, आमच्या वर्गाने इतकी कोरी पानं सोडली होती, त्याचं तुम्ही काय केलंत?

असो. माझं वाक्य मला कोऱ्या पानावर सापडलं नाही, बातम्यांत सापडलं.

२०२४ चा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. मी पुण्यात टँकरची वाट बघत होते आणि इथून आईचा रोज संध्याकाळी फोन यायचा. "उजनी मायनस वीस झालं." "आज मायनस एकतीस." आपल्या भागातल्या माणसाला यात काही विचित्र वाटत नाही, पण माझ्या मुलाने ऐकलं आणि विचारलं, "आई, पाणी मायनस कसं असेल? शून्याच्या खाली पाणी कुठे असतं?" मी इंजिनिअरसारखं उत्तर दिलं. उजनीत पाणी मावतं साधारण ११७ टीएमसी. त्यातलं ६३ च्या वर मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या तोंडाच्याही खाली राहणारं पाणी. उरलेलं ५३ टीएमसी हा जिवंत साठा, आणि टक्के मोजतात ते त्या जिवंत साठ्यावर. जिवंत साठा संपला की शून्य. मग सोलापूरला प्यायला नदीतून सोडायचं, काठाच्या मोटारी चालायच्या, ऊन तर आहेच. ते सगळं मृतसाठ्यातून जातं आणि आकडा उण्यात उतरतो.

उत्तर बरोबर होतं. पण बोलता बोलता माझाच आवाज मला ऐकू आला. जिवंत साठा, मृत साठा, उणे पाणी. हे शब्द पाटबंधारे खात्याचे आहेत, कुठल्या मांत्रिकाचे नाहीत. आपण ते इतके वापरले की त्यातलं भूत निघून गेलं. आणि अद्भुतकथा मला वाटतं बहुतेक वेळा अशीच सुरू होते: रोजचा एखादा शब्द घ्यायचा आणि तो खराच धरायचा. पाणी उण्यात गेलं, तर त्याच्यासोबत आणखी काय उण्यात जाईल?

वर्षं जातील, असं मी धरलं. धरण एक टक्का उणे झालं की काठाच्या चिखलात उतरणारा माणूस एक वर्ष मागे जातो. उणे दहा, तर दहा वर्षं मागे. बस्स, एवढंच.

'बस्स, एवढंच' म्हणायला मला तीन महिने लागले. कारण मनात भराभर सगळंच यायला लागतं. रोहित पक्ष्यांनी बोलावं, पळसनाथाच्या देवळाचं शिखर पाण्याबाहेर आलं की घंटा आपोआप वाजावी, नदीने साडी नेसून यावं. कादंबरीवाल्याला हे परवडतं, त्याच्याकडे हजार पानं असतात. कथेकडे चार हजार शब्द. एच. जी. वेल्स हे काळाच्या यंत्राची गोष्ट लिहिणारे लेखक. त्यांचं म्हणणं असं होतं की वाचकाकडे एकच अशक्य गोष्ट मागावी, बाकी सगळं त्याच्या घरासारखं ठेवावं. मी पक्ष्यांना गप्प केलं. नदीची साडी परत दिली.

नियम एकच असला की त्याच्याशी खेळता येतं, आणि माझ्यासारखीला खरी मजा तिथे आहे. वेताळाची गोष्ट आपण 'चांदोबा'त वाचून मोठे झालो, पण तिच्यातला नियम किती घट्ट आहे ते मला प्रोग्रॅम लिहायला लागल्यावर कळलं. उत्तर माहीत असून राजा बोलला नाही, तर डोकं फुटणार. बोलला, तर वेताळ परत झाडावर. म्हणजे शहाण्या माणसाला सुटका नाही. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त, म्हणजे अकराव्या शतकातल्या काश्मीरमध्ये, या चक्रातून बाहेर पडायची वाट ठेवलेली आहे. शेवटचं कोडं नात्यागोत्याचं इतकं गुंतागुंतीचं आहे की राजाला खरंच उत्तर येत नाही, तो गप्प राहतो आणि चक्र थांबतं. अज्ञान हीच सुटका. 'चांदोबा'वाल्यांनी मात्र ती वाट बुजवून टाकली आणि राजाला वर्षानुवर्षं दर महिन्याला बोलतं केलं. आमच्याकडे याला इन्फिनिट लूप म्हणतात आणि तो लिहिणाऱ्याला रात्री फोन येतात.

तर मी एक्सेल उघडलं. हसू नका. एका रकान्यात २०२४ च्या उन्हाळ्यातले तारीखवार टक्के, शेजारी वजाबाकी. लगेच पहिली अडचण दिसली. माझ्या कथेतलं गाव १९७७ साली उठलेलं आहे. म्हणजे उणे एकपासून उणे सेहेचाळीसपर्यंत माणूस मागे गेला तरी त्याला दिसणार काय? पाणी किंवा चिखल. सेहेचाळीस पायऱ्या उतरायच्या आणि वाटेत काहीच नाही. मी वैतागणार होते, पण मग कळलं की कथेतला ताण आयता मिळालाय. रोज आकडा बघायचा, रोज उतरायचं, रोज रिकाम्या हाताने परत यायचं. गाव पहिल्यांदा दिसतं ते उणे अठ्ठेचाळीसला. म्हणून कथेचं नाव ते.

दुसरी अडचण तारखेची. मागे जायचं तर त्याच तारखेला जायचं की त्याच तिथीला? सॉफ्टवेअरमध्ये तारखांनी भल्याभल्यांचे केस पांढरे केलेत, त्यात मी तिथी घेतली म्हणजे अधिक महिना आला. पण माझ्या कथेतली म्हातारी इंग्रजी तारखेने दिवस मोजत नाही. तिच्या पायाला कॅलेंडर माहीत नाही, जेष्ठ-आषाढ माहीत आहे. म्हणून तिथी. आणि या एका निवडीने सगळी कथा उलटीपालटी झाली. ते आता सांगते.

म्हातारी कोण, ते तुमच्यापैकी पुष्कळांनी ओळखलंच आहे. तुमच्या-माझ्या घरातली बाई. माझी आई लग्न होऊन इथे आली आणि दोन-तीन वर्षांतच तिचं माहेर धरणात गेलं. 'माहेर धरणात गेलं' हे वाक्य आपल्या वर्गात निम्म्या मुलींनी आयांच्या तोंडून ऐकलेलं असेल. इतकं साधं बोलायच्या त्या, जसं काही दूध नासलं. १९६६ ला भूमिपूजन, १९८० ला धरण पूर्ण, त्याआधीच पाणी चढेल तशी गावं उठत गेली. नवं गावठाण झालं, मामा तिथे राहायला गेला, पंचमीला मुराळी म्हणून येतही राहिला. आई जायची. पण संध्याकाळी परत आली की म्हणायची, "भाऊ तिथं हाय, माहेर न्हाई." वड नाही, झोका नाही, नदीवर जाणारी वाट नाही. नवी पत्र्याची घरं आणि वाऱ्याने उडणारी माती.

कथेतल्या म्हातारीला एक पंचमी माहेरी हवी आहे. बाकी काही नको. तिला जुन्या गावातलं सोनं आणायचं नाही, धरण थांबवायचं नाही. आणि माझा नियम तिला नेमकं तेच देत नाही. बघा, उजनी उण्यात असतं कधी? चैत्र, वैशाख, जेष्ठ. पंचमी येते श्रावणात. आणि आपल्याकडे पाऊस पडो न पडो, तिकडे मावळात कोसळला की दौंडहून विसर्ग सुरू होतो आणि आपलं धरण दुसऱ्याच्या पावसाने भरतं. २०२४ ला पंचमी ९ ऑगस्टला होती, तोवर उजनी उण्यातून केव्हाच वर आलेलं. म्हणजे म्हातारी मागे गेली तरी जेष्ठातल्या माहेरी जाणार. रिकामा वड, बाया शेतात, उन्हाने तापलेला उंबरा. झोका बांधायला अजून दोन महिने आहेत.

तिला पंचमी हवी असेल तर एकच गोष्ट व्हायला पाहिजे. पाऊस चुकला पाहिजे. इथलाच नाही, तिकडचा मावळातलासुद्धा. आषाढ कोरडा जायला पाहिजे, श्रावण कोरडा उगवायला पाहिजे.

हे एक्सेलमध्ये दिसलं तेव्हा मी लॅपटॉप मिटवून उठले. दोन आठवडे त्या फाईलकडे गेले नाही.

कारण मी ही कथा कोणाला वाचून दाखवणार होते? तुम्हाला. आपल्या वर्गात कोण कोण होतं आठवा. सरकारी कागदावर दोन शब्द आहेत, बुडीत क्षेत्र आणि लाभक्षेत्र. आपण एकाच बाकावर दोन्ही बसलो होतो. एकाचं गाव पाण्याखाली, दुसऱ्याच्या उसाला त्याच पाण्याची मोटार. आणि खरं सांगायचं तर पुष्कळ घरांत दोन्ही एकत्रच. खालची जमीन धरणात, वरच्या तुकड्यात धरणाच्या पाण्यावर ऊस. २०२४ ला पाणी मागे सरकलं तसे आपल्यातलेच कितीतरी जण चर खोदत, पाइप जोडत मोटारी पुढे पुढे नेत होते. कितींचा ऊस जळाला, कितींनी जनावरं काढली. आणि या लोकांसमोर मी एक बाई उभी करणार, जिला मनातून वाटतं की पाऊस येऊ नये?

विज्ञानकथेला वाचक विचारतो, हे कसं शक्य झालं? माझ्या कथेला ते कोणी विचारणार नव्हतं, विचारलंही नाही. अद्भुतकथेला विचारतात की याची किंमत काय आणि ती कोणी भरली. किंमत जर कथेतल्याच माणसांनी भरली नाही, तर मग ते गाईडमधलं स्वप्न झालं. म्हणून दोन आठवड्यांनी फाईल उघडली आणि म्हातारीला एक मुलगा दिला. त्याचा ऊस फुगवट्यावर आहे. तो दिवसभर चर खोदतो, रात्री मोटारीजवळ झोपतो. म्हातारी पहाटे त्याच्या अंगावरून, त्यानेच खोदलेल्या चरातून, खाली उतरते. त्याचं जेवढं वाळतं तेवढी तिची वाट मोकळी होते. हे दोघांनाही कळतं आणि दोघंही बोलत नाहीत. हा प्रसंग लिहिताना मला कळलं की ही गोष्ट मी साध्या कथेत कधीच लिहू शकले नसते. धरणग्रस्त बाईचं दुःख, शेतकऱ्याचं नुकसान, असे दोन वेगळे लेख झाले असते, दोन्हींवर लोकांनी माना डोलावल्या असत्या. एका घरात, एका पहाटे, एकाच चरात ते दोघं आले ते त्या एका अशक्य नियमामुळे.

भाषेचं आता थोडक्यात सांगते, कारण जेवणाचा वास येतोय.

मराठीत अद्भुत लिहायला बसलं की लेखणी आपोआप दरबारी होते. 'तत्क्षणी', 'अहो आश्चर्यम्', 'प्रधानजी'. आपल्याकडची ही परंपरा जुनी आणि थोर आहे, पण ती जुनी होती तेव्हाही भाषेचा प्रश्न होताच. 'कथासरित्सागर' ज्या 'बृहत्कथे'वर आधारलं आहे ती रचणारा गुणाढ्य आपल्या पैठणचा, सातवाहन राजाच्या दरबारातला. त्याची गोष्ट सोमदेवानेच सांगितली आहे. एका पैजेपायी गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा तिन्ही सोडल्या आणि सात लाख श्लोकांची कथा पैशाची भाषेत लिहिली, तीही रक्ताने. राजाने नाक मुरडलं. मग गुणाढ्य रानात गेला, अग्नी पेटवला, आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून जाळत गेला. जनावरं चरायचं सोडून रडत ऐकत बसली. ती इतकी वाळली की राजाच्या मुदपाकखान्यात येणारं मांस बेचव झालं, म्हणून राजा चौकशी करत तिथे पोचला. तोवर सहा लाख जळाले होते, एक लाख उरले. मला यात नेहमी गंमत वाटते की राजाला साहित्याची किंमत कळली ती ताटातून. आणि त्याच पैठणला आज नाथसागर आहे, त्याच्याही तळाशी गावं आहेत.

माझ्यासाठी यातलं घेण्यासारखं एवढंच होतं, की दरबाराला रुचेल ती भाषा लिहायची नाही. निवेदन मी साध्या, तुमच्याशी बोलतेय तशा मराठीत ठेवलं आणि माणसं आपल्या भागासारखी बोलतात. म्हातारी पहिल्यांदा खाली गेली तेव्हा नातीला सांगते, "पाय जड झालं बग, वर्षं लागली पायाला." चिखल लागतो तशी वर्षं लागली. असं वाक्य आलं की त्या दिवशी ऑफिसात कोणी काही बोललं तरी राग येत नाही.

नावांचं काय करायचं हाही प्रश्न होता. अर्सुला ले ग्विनच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' या १९६८ च्या कादंबरीत खरं नाव हीच जादू असते. ज्याला तुमचं खरं नाव कळलं त्याची तुमच्यावर सत्ता. वाचताना मला वाटलं, यात परकं काय आहे? आमच्या आयांची दोन नावं होती की. लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्याने लिहिलं ते एक, आणि माहेरचं एक. माहेर पाण्याखाली गेलं तेव्हा ते नाव हाक मारणारी माणसंही पांगली. माझ्या आईचं माहेरचं नाव मला वयाच्या सोळाव्या वर्षी, एका जुन्या शाळेच्या दाखल्यावर कळलं. कथेत उणे अठ्ठेचाळीसच्या दिवशी म्हातारी गावात शिरते आणि कोणीतरी ओट्यावरून तिला हाक मारतं. सोबतची नात ते नाव पहिल्यांदाच ऐकते. वाचकाला मात्र ते मी सांगितलेलं नाही. ज्यांनी मला फोन करून विचारलं, त्यांनाही सांगितलं नाही.

मला सगळ्यात छळलं ते शेवटाने. पाऊस चुकतो का? ती पंचमी बघते का? दोन्ही लिहून बघितले. चुकला तर मुलगा मेल्यात जमा, नाही चुकला तर म्हातारी. मग एका रविवारी आईकडे आले होते, परत निघताना दारात चपला घालत नेहमीसारखी म्हणाले, "येते गं." आणि तिथेच उभी राहिले.

आपण 'जाते' म्हणत नाही ना. निघताना 'येते' म्हणतो. जाणाऱ्या प्रत्येक बाईने, मुलीने, हजारो वर्षं दारात उभं राहून 'येते' म्हटलंय, येणार असो वा नसो. मला माझा शेवट तिथे मिळाला. कथेत दौंडहून पाणी सुटल्याची बातमी येते, त्याच पहाटे म्हातारी शेवटची उतरते. जेष्ठातलं माहेर. आई भाकरी थापतेय, तिच्या आईचं वय तिच्याहून कमी आहे. दोघी फार बोलत नाहीत. पाणी मागून चढतंय हे तिला घोट्याला कळतं. आई म्हणते, "पंचमीला येशील न्हवं?" आणि म्हातारी उंबऱ्यावरून म्हणते, "येते." कथा तिथे संपते.

आता छापून आली त्याची गंमत.

पाठवताना नाव कोणतं घालायचं यावर मी थोडी थांबले होते. जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला पहिली कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली, आणि हस्ताक्षर ओळखू नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतली. त्यांना ओळखतील ही भीती होती. मला ओळखणार कोणीच नाही ही. पण ऑफिसच्या ईमेलवर जे नाव आहे ते त्या कथेखाली नको वाटलं. मी शाळेच्या हजेरीपटावरचं नाव घातलं. म्हणून तुम्हाला मी सापडले.

आणि तुमचे फोन आले. मला वाटलं होतं लोक विचारतील, पाणी उणे झालं म्हणून माणूस मागे कसा जाईल? एकानेही विचारलं नाही. अठ्ठेचाळीस वर्षं मागे जाणं सगळ्यांना मान्य होतं. भांडण झालं ते वडावरून. आपल्यातल्याच एकाच्या वडिलांनी, वय ऐंशीच्या पुढे, फोन करून अर्धा तास ऐकवलं की वड देवळाच्या पुढे नव्हता, मागे होता, पारावर सतीचा दगड होता आणि तू तो लिहिला नाहीस. मी म्हटलं, काका, ते तुमचं गाव नाही, मी गावाला नावच दिलेलं नाही. ते म्हणाले, "नाव द्यायची गरजच न्हाई. आमचंच हाय." पलीकडच्या काठावरून, करमाळ्याच्या बाजूने, एका बाईंचा निरोप आला की वड बरोबर आहे पण घाट पूर्वेला होता. आतापर्यंत पाच गावांनी ते गाव आपलं म्हणून सांगितलंय. मी कोणालाच नाही म्हटलं नाही.

माझ्या ऊसवाल्या मित्रांची मला खरी धास्ती होती. त्यातला एक समोरच बसलाय, त्याचं नाव घेत नाही. त्याने कथा वाचून मला एवढाच मेसेज केला होता: "चर आम्ही सहा फूट खोल काढला होता, तू चार लिहिलास." त्यानंतर तासाभराने दुसरा मेसेज, की त्या उन्हाळ्यात त्याची आई रोज संध्याकाळी काठावर जाऊन बसायची, आणि ती पाणी किती राहिलं ते बघते असं त्याला वाटायचं.

आईने कथा चष्मा लावून दोन दिवस वाचली. पहिली तक्रार, "मला म्हातारी केलीस." दुसरी जास्त गंभीर होती. "पाऊस चुकावा असं ती मनात आणीलच कशी? तिला लेकरं न्हाईत का?" मी म्हटलं, लेकरू आहे म्हणून तर कथा आहे. ती म्हणाली, "मनात आलं तरी लिवायचं न्हाई." यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. ते वाक्य मी कथेत ठेवलंय. ती प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला अंक दाखवते, आणि ते पान सोडून बाकीचं वाचून दाखवते.

मी दुसरी कथा लिहायला घेतली आहे. त्याच काठावरची, त्याच नियमाची, पण यावेळी उतरणारा माणूस नावाडी आहे. त्यासाठी तुमच्याकडून एक माहिती हवी आहे. तुमच्या घरी जुन्या गावातलं जे कोणी असेल त्यांना विचारून जेवणानंतर मला गाठा. नदीच्या घाटाला पायऱ्या किती होत्या? आतापर्यंत माझ्याकडे तीन आकडे आले आहेत, आणि तिघंही शपथेवर सांगताहेत.